कॉलेज बास्केटबॉलमधल्या फ्रेशमनचा हंगाम कसा जोखावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेशमन म्हणजे नेमका कोण?

अमेरिकेतल्या कॉलेजात शिकायला आणि खेळायला आलेला पहिल्या वर्षाचा खेळाडू. पण यात पोटभेद आहेत आणि तुलना करताना ते विसरले की घोटाळा होतो. शाळा संपवून थेट मैदानात उतरलेला तो ‘ट्रू फ्रेशमन’. पहिलं वर्ष संघासोबत फक्त सराव करून दुसऱ्या वर्षी सामन्यांत उतरलेला तो ‘रेडशर्ट फ्रेशमन’. हा वयाने आणि अंगाने वर्षभर पुढे असतो, म्हणून त्याचे आकडे पहिल्यासोबत एकाच तक्त्यात मांडू नयेत. तिसरा प्रकार परदेशातून आलेल्यांचा. युरोपातल्या क्लबात मोठ्या माणसांबरोबर दोन-तीन वर्षं खेळून आलेला मुलगा कागदावर फ्रेशमन असला तरी खेळाने नवखा नसतो.

जुन्या विक्रमांशी तुलना करायची असेल तर एक साल लक्षात ठेवा. १९७२-७३ च्या आधी बराच काळ फ्रेशमनना मुख्य संघातून खेळायची परवानगीच नव्हती. त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक दिग्गजांच्या नावावर फ्रेशमन हंगाम सापडणार नाही.

सामन्यामागे पॉइंट्सची सरासरी पाहिली की भागत नाही का?

नाही. क्रिकेटमध्ये नुसत्या धावा पाहून कुणी बॅट्समन जोखत नाही. किती चेंडूंत, कुणासमोर आणि कितव्या क्रमांकावर हेही विचारतो. इथेही तसंच आहे.

दोन गाजलेले फ्रेशमन घेऊ. ओक्लाहोमाचा ट्रे यंग २०१७-१८ मध्ये ३२ सामन्यांत ८७६ पॉइंट्स करून गेला, सरासरी २७.४. पॉइंट्स आणि असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटआधी दिलेला पास) या दोन्हींत त्याच हंगामात देशात पहिला येणारा तो पहिलाच खेळाडू. ड्यूकचा झायन विल्यमसन २०१८-१९ मध्ये ३३ सामन्यांत ७४६ पॉइंट्सवर थांबला, सरासरी २२.६. सरासरीवरून यंग पुढे दिसतो. पण यंगने त्यासाठी बास्केटवर ६१८ प्रयत्न केले आणि झायनने ४३८.

त्यात झायनच्या सरासरीत एक खोट दडलेली आहे. २० फेब्रुवारी २०१९ ला नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध ३६ व्या सेकंदाला त्याचा बूट फाटला, गुडघा दुखावला आणि तो बाहेर गेला. हिशेबात मात्र तो अख्खा सामना धरला जातो. तो वगळला तर सरासरी २३.३ होते. म्हणून ‘सामने’ या रकान्यावर कधीही डोळे झाकून विसंबू नये. मिनिटांचा रकाना शेजारी ठेवावा.

मग कार्यक्षमता मोजायची कशी? हातानं जमेल का?

जमेल. कागद आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो. ‘ट्रू शूटिंग’ नावाचं माप घ्या. त्यात दोनाचे, लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तिनाचे आणि फाउलनंतर मिळणाऱ्या फ्री थ्रोचे असे सगळे पॉइंट्स एका तागडीत येतात.

पायरी पहिली: फ्री थ्रोच्या प्रयत्नांना ०.४७५ ने गुणा. झायनचे १९७ फ्री थ्रो होते, गुणाकार ९३.६. पायरी दुसरी: त्यात फील्ड गोलचे, म्हणजे चालू खेळातल्या शॉटचे, प्रयत्न मिळवा. ४३८ अधिक ९३.६ म्हणजे ५३१.६. पायरी तिसरी: या बेरजेची दुप्पट करा, १०६३.२. पायरी चौथी: एकूण पॉइंट्सना तिने भागा. ७४६ भागिले १०६३.२ म्हणजे ७०.२ टक्के. हा आकडा पाहून जाणकारांनी तोंडात बोट घालावं असाच आहे. यंगचा याच रीतीने ५८.५ टक्के येतो. तोही चांगलाच, साधारण ५३-५५ च्या आसपासचा फ्रेशमन ठीक समजावा आणि ५० च्या खाली गेला तर कारण शोधायला बसावं.

०.४७५ का, असं हमखास विचारलं जातं. दोन फ्री थ्रो मिळून साधारण एक चाल (बॉल हातात असतानाची संघाची एक पाळी) खर्च होते, म्हणून ढोबळ गुणक अर्धा. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादाचा एक थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा थ्रो वेगळी चाल खात नाही, त्यामुळे गुणक थोडा खाली येतो. एनबीए या व्यावसायिक लीगसाठी ०.४४ वापरतात. एनबीएचा गुणक कॉलेजच्या आकड्यांना लावला की टक्केवारी किंचित फुगते. दोन संकेतस्थळांवर त्याच खेळाडूचे वेगळे आकडे दिसले तर बहुतेकदा गोम इथेच असते.

‘यूसेज’ म्हणजे काय आणि तो एवढा महत्त्वाचा का?

खेळाडू मैदानात असताना संघाच्या शंभरातल्या किती चाली त्याच्या हातात संपल्या, म्हणजे शॉट, फ्री थ्रो किंवा टर्नओव्हरने (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याने), तो हा आकडा. मैदानात पाच जण, म्हणून सरासरी वाटा २० टक्के. फ्रेशमनचा १६ असेल तर तो दुसऱ्याने वाढलेल्या ताटावर बसतोय. २८ असेल तर स्वयंपाकही तोच करतोय.

कार्यक्षमता आणि यूसेज नेहमी जोडीने वाचावेत. १५ टक्के यूसेजवर ६० टक्के ट्रू शूटिंग हे बहुधा चांगल्या पासरचं देणं असतं. यंगचा यूसेज पस्तिशीच्या वर होता, आणि प्रतिस्पर्धी संघ अर्ध्या मैदानापासूनच त्याच्यावर दोघं सोडत होते. त्या ओझ्याखाली ५८.५ टक्के राखणं म्हणूनच मोठं. पण त्याच ओझ्याची दुसरी बाजूही पाहा: हंगामात १६७ टर्नओव्हर. शॉट, फ्री थ्रो आणि टर्नओव्हर मिळून त्याच्या हातात सुमारे ९१५ चाली संपल्या, म्हणजे शंभरातल्या अठरा चालींत बॉलच गेला. समोर २७९ असिस्ट आहेत, तेव्हा नुसता टर्नओव्हरचा आकडा दाखवून त्याला झोडपणंही अन्यायाचं.

बेंचवरून येणाऱ्या फ्रेशमनचं काय? त्याला मिनिटंच कमी मिळतात.

त्याचे आकडे ४० मिनिटांच्या मापाने लावा, कारण कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा असतो (एनबीएचा ४८). आकडा भागिले मिनिटं, गुणिले ४०. केंटकीचा डेव्हिन बुकर २०१४-१५ मध्ये सामन्यामागे १० पॉइंट्सच करत होता आणि बेंचवरून यायचा. पण मिनिटंही २१.५ च होती. ४० मिनिटांना तो आकडा साडेअठराच्या वर जातो. त्या संघात खेळाडूंची इतकी गर्दी होती की मिनिटं वाटूनच द्यावी लागत. संघ ३८ सामने जिंकून एकच हरला. दहाच्या सरासरीवर बुकरला जोखणाऱ्यांचा अंदाज किती चुकला ते तो पुढे एनबीएत तारा झाल्यावर कळलं.

मात्र ही मात्राही जपून द्यावी. हंगामात दोनशे मिनिटांपेक्षा कमी खेळलेल्याला हे माप लावूच नये. शिवाय ती मिनिटं कधीची होती ते पाहा. तीस पॉइंट्सने जिंकलेल्या सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत दमलेल्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध केलेले आठ पॉइंट्स ४० मिनिटांच्या हिशेबात राक्षसी दिसतात.

हंगाम अख्खा पाहावा की तुकड्यांत?

तुकड्यांत, आणि या पानावर एकच गोष्ट वाचून जायची असेल तर ही वाचा. फ्रेशमनची हंगामी सरासरी म्हणजे नोव्हेंबरचा गोंधळलेला मुलगा आणि मार्चचा सरावलेला खेळाडू या दोघांची भेळ असते. तुम्हाला मार्चचा हवा असतो.

तीन तुकडे करा. पहिला, नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत. यात मोठी कॉलेजं लहान कॉलेजांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. हे सामने वेगळे काढा. हॅरिस शील्डमधल्या धावा आणि रणजीतल्या धावा आपण एका वहीत बेरीज करून मांडत नाही, तसंच. दुसरा, जानेवारी ते मध्य फेब्रुवारी: आपल्याच कॉन्फरन्समधले (कॉलेजांच्या गटातले) सामने, जिथे प्रत्येक संघाकडे तुमच्या खेळाडूची फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रण, असते. तिसरा, तिथून शेवटपर्यंत: परतीच्या लढती, कॉन्फरन्स स्पर्धा आणि ६८ संघांची राष्ट्रीय बाद फेरी.

प्रतिस्पर्ध्याचा दर्जा ठरवायला २०१८-१९ पासून वापरात असलेली कॉलेज संघांची ‘नेट’ क्रमवारी सोयीची. तिच्यातला ‘क्वाड १’ सामना म्हणजे घरी पहिल्या ३० मधला, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधला प्रतिस्पर्धी. फ्रेशमनच्या क्वाड १ सामन्यांचं वेगळं पान करा. तिथे ट्रू शूटिंग चार-पाच टक्क्यांनी उतरणं स्वाभाविक आहे. दहा-बारा टक्क्यांनी कोसळत असेल, तर बहुधा त्याच्याकडे एकच डाव आहे आणि चांगल्या डिफेन्सने तो ओळखला आहे.

जानेवारीत बहुतेक फ्रेशमन घसरतात, ते का?

कारणं साधी आहेत. शाळेत आठवड्याला दोन सामने, तेही जवळपास. इथे विमानप्रवास, परकी मैदानं, रोजचा सराव, वजनं उचलण्याचा व्यायाम आणि वर अभ्यास. पाय जड होतात, आणि पाय गेले की लांबचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागतात. फिल्मवर हे स्पष्ट दिसतं: डावी-उजवीकडे चुकणारा शॉट तंत्राचा दोष सांगतो, सतत आखूड पडणारा शॉट थकव्याचा. दुसरं कारण प्रतिस्पर्ध्याच्या तयारीचं. तो उजवीकडेच घुसतो हे एकदा कळलं की पुढचे सगळे संघ उजवी बाजू बंद करतात. मग पाहायचं ते एवढंच की त्याने डावीकडची वाट किती आठवड्यांत शोधली.

२०१७-१८ चा ओक्लाहोमा संघ जानेवारीच्या मध्यापर्यंत १४ विजय, २ पराभव असा होता आणि हंगाम १८-१४ वर संपला. दोष एकट्या फ्रेशमनच्या माथी मारण्यासारखा नाही, पण सगळा डाव एकाच्या खांद्यावर ठेवला की काय होतं ते यात दिसतं.

तिनाच्या शॉटची टक्केवारी किती भरवशाची?

लोक समजतात त्याहून बरीच कमी. झायनने ७१ पैकी २४ तिनाचे शॉट मारले, म्हणजे ३३.८ टक्के. चार शॉट रिंगवर फिरून आत पडले असते तर ३९.४ झाले असते आणि ‘नेमबाज’ म्हणून बोलबाला झाला असता. चार बाहेर पडले असते तर २८.२. आठ शॉटांच्या नशिबावर अकरा टक्के! दीडशेच्या आत प्रयत्न असतील तर त्या टक्केवारीवर पैज लावू नये.

त्याऐवजी तीन गोष्टी पाहा. फ्री थ्रोची टक्केवारी: तिथे ना डिफेन्स, ना घाई, म्हणून हाताचा खरा कस तिथे कळतो. झायनचा ६४ टक्के हा आकडा त्याच्या ३३.८ पेक्षा जास्त खरं बोलत होता. एनबीएत तो तिनाचा नेमबाज झाला नाही. यंगचे ८६.१ टक्के उलट बाजूने तेच सांगतात. दुसरी, प्रयत्नांची संख्या: ४० मिनिटांत सहा-सात वेळा बिनदिक्कत मारणाऱ्यावर प्रशिक्षकाचा विश्वास असतो. तिसरी, शॉटचा प्रकार: उभं राहून पास घेऊन मारलेला, की ड्रिबल करून मागे सरकून मारलेला. दोन्हींची टक्केवारी एकत्र केली की काहीच कळत नाही. कॉलेजची तिनाची रेषा पुरुषांसाठी २०१९-२० पासून २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली. त्याआधीच्या टक्केवारीशी तुलना करताना हे ध्यानात असू द्या.

टर्नओव्हर सगळे सारखेच का?

मुळीच नाहीत. बॉल सीमेबाहेर गेला, तर निदान आपला डिफेन्स जागेवर येतो. हातातून हिसकावला गेला, तर समोरचा एकटा पळत जाऊन लेअप घालतो. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात) दोन्ही एकच. म्हणून फिल्म लावून चार खाती करा: चुकलेला पास, हिसकावलेलं ड्रिबल, पावलांची चूक, आणि आक्रमण करताना दिलेला धक्का. शेवटचं खातं वाढतं असेल तर फारसं बिघडत नाही, मुलगा निदान घुसतोय. ड्रिबल हिसकावलं जाण्याचं खातं फेब्रुवारीतही वाढतं असेल तर काळजी करावी.

१२ नोव्हेंबर २०२४ ला अटलांटात ड्यूकचा कूपर फ्लॅग केंटकीविरुद्ध २६ पॉइंट्स आणि १२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) घेऊन बसला होता, पण शेवटच्या क्षणांत दोनदा बॉल गमावून सामना गेला. तेव्हा तो १७ वर्षांचा होता. जवळजवळ दोन महिन्यांनी, ११ जानेवारीला, त्याने नोत्र दामविरुद्ध ४२ पॉइंट्स केले, आणि हंगामाअखेर एपी (असोसिएटेड प्रेस) या वृत्तसंस्थेचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरणारा तो चौथा फ्रेशमन झाला. आधीचे तिघे केव्हिन ड्युरांट, अँथनी डेव्हिस आणि झायन. नोव्हेंबरातल्या चुकीवर शिक्का मारायची घाई का करू नये, ते यावरून समजावं.

फाउलचा हिशेब कसा लावावा?

पाच फाउलला कॉलेजचा खेळाडू बाद, एनबीएत सहाला. पण खरी किंमत त्याआधीच मोजावी लागते. पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बहुतेक प्रशिक्षक खेळाडूला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवतात. उंच फ्रेशमनचं हे जुनं दुखणं: शाळेत तो सगळ्यांपेक्षा उंच असल्याने हात खाली आणूनही चालायचं, इथे शिट्टी वाजते. ४० मिनिटांमागे सहाच्या वर फाउल असतील तर तो पूर्ण सामना खेळूच शकत नाही. तिसऱ्या तुकड्यात तो आकडा चारावर आला असेल, तर पॉइंट्स वाढले नसले तरी सुधारणा मोठी माना.

डिफेन्स आकड्यांत दिसतो का?

अर्धामुर्धा. स्टील (हिसकावलेला बॉल) आणि ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) दिसतात, योग्य जागी उभं राहणं दिसत नाही. केंटकीच्या अँथनी डेव्हिसने २०११-१२ मध्ये ४० सामन्यांत १८६ ब्लॉक केले, पण त्याला पाहून जे शॉट मारलेच गेले नाहीत ते कुठल्याच रकान्यात नाहीत.

फिल्म पाहायची रीत अशी. पाच सामने निवडा, त्यातले निदान तीन क्वाड १. प्रत्येकातल्या डिफेन्सच्या २० चाली घ्या आणि बॉलकडे न पाहता फक्त तुमच्या खेळाडूकडे पाहा. अवघड जातं, डोळे आपोआप बॉलकडे धावतात; चाल दोनदा लावा. तीन प्रश्नांची हो-नाही नोंद करा. बॉल दुसऱ्या बाजूला असताना तो आपला माणूस आणि बॉल दोन्ही दिसतील असा उभा होता का? स्क्रीन (वाट अडवून उभा राहिलेला प्रतिस्पर्धी) आल्यावर वर गेला, खाली गेला की अडकला? शूटरकडे धावत जाताना शेवटची दोन पावलं आखूड केली, की उडी मारून पुढे निघून गेला? शंभर चालींची ही वही हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा भरली की दोन्हींतला फरक बोलतो.

प्लस-मायनस आणि ‘बॉक्स प्लस-मायनस’?

साधा प्लस-मायनस, म्हणजे खेळाडू मैदानात असताना दोन्ही संघांच्या पॉइंट्समधला फरक, तीस-पस्तीस सामन्यांत इतका हेलकावे खातो की फ्रेशमनसाठी निरुपयोगीच; सोबतचे चार कोण, यावरच तो ठरतो. बॉक्स प्लस-मायनस बरा, पण तो बॉक्स स्कोअरवरूनच काढलेला असल्याने त्यात डिफेन्सचा भाग कच्चा असतो.

बाद फेरीत एक सामना वाईट गेला, तर?

तो एक सामना आहे, बस. २ एप्रिल २०१२ च्या अंतिम सामन्यात डेव्हिसने दहातला एकच शॉट मारला आणि पॉइंट्स केले सहा. तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला: १६ रिबाउंड, ६ ब्लॉक, ५ असिस्ट. केंटकी ६७-५९ ने जिंकली. ज्या दिवशी शॉट पडत नाही त्या दिवशी तो बाकी काय करतो, ही फ्रेशमनची फार चांगली परीक्षा आहे. हंगामातले त्याचे सर्वांत वाईट पाच शूटिंगचे दिवस काढा आणि त्या दिवसांचे रिबाउंड, असिस्ट, फाउल पाहा.

वयाचा विचार करावा का?

जरूर. फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा. त्याच हंगामात दुसरा फ्रेशमन १९ पूर्ण केलेला असू शकतो. या वयात दीड वर्षाने खांदे बदलतात. आणि समोर कोण आहे? कोविडच्या हंगामाने खेळाडूंना एक जादा वर्ष दिलं, कॉलेज बदलण्याचे नियम सैल झाले, त्यामुळे २३-२४ वर्षांच्या गड्यांशी अठराच्या पोरांची गाठ पडू लागली. २००७ मध्ये टेक्ससच्या केव्हिन ड्युरांटने केलेल्या २५.८ पॉइंट्स आणि ११.१ रिबाउंडची आजच्या फ्रेशमनशी तुलना करताना हा फरक वजा करून बोलावं.

मुलींच्या फ्रेशमनसाठी मापं बदलतात का?

सूत्रं तीच, संदर्भ वेगळा. मुलींचा सामना १० मिनिटांच्या चार क्वार्टरचा, बॉल थोडा लहान. तिनाची रेषा त्यांच्यासाठी २०२१-२२ पासून मागे गेली, म्हणजे २०२०-२१ मध्ये २६.६ च्या सरासरीने देशात पहिली आलेली आयोवाची केटलिन क्लार्क फ्रेशमन म्हणून जुन्या रेषेवर खेळली. यूएससीच्या जूजू वॉटकिन्सने २०२३-२४ मध्ये केलेले ९२० पॉइंट्स हा फ्रेशमनचा विक्रम. मोठा फरक असा की मुलगे एका वर्षात एनबीएकडे निघू शकतात, मुलींना डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगसाठी थांबावं लागतं. त्यामुळे मुलीचा पहिला हंगाम ‘पुढच्या तीन वर्षांत काय वाढेल’ या डोळ्यांनी वाचायचा.

भारतातून सामने थेट पाहणं जमतं का?

पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला असतो. मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेचारला. मूल्यमापनासाठी थेट पाहण्याची गरज नाही. उलट निकाल कळल्यावर पाहिलेली फिल्म शांतपणे थांबवत, मागे नेत पाहता येते.

कॉलेजने दिलेली उंची खरी मानावी का?

एक-दीड इंच कमी धरा. अनेक कॉलेजं बुटांसह उंची छापतात आणि वर थोडं स्वतःचं घालतात. ड्राफ्टआधी (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी) एनबीएच्या शिबिरात अनवाणी उंची, दोन्ही हात पसरल्यावरची टोकापासून टोकापर्यंतची लांबी आणि उभ्याने हात वर केल्यावरची पोच मोजतात, ती मिळाली तर तीच वापरा. ६ फूट ९ इंच छापलेला सेंटर साडेसात फुटांचे हात घेऊन आला असेल तर उंचीचं फारसं मनावर घेऊ नका.